व्हर्जिनिया, २०२१: ग्लेन यंगकिन यांनी कोणती आश्वासनं दिली होती आणि त्यांचं पुढे काय झालं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गव्हर्नरपदाची निवडणूक आली की उमेदवाराचा जाहीरनामा हातात पडतो आणि यातलं प्रत्यक्षात किती उतरणार, हा प्रश्न पडतो. हे तपासायला व्हर्जिनियाची २०२१ ची निवडणूक फार उपयोगी आहे. परंपरावादी रिपब्लिकन उमेदवार, भरपूर आश्वासनं, विजय आणि चार वर्षांचा पुरा कारभार, सगळं आता डोळ्यांसमोर आहे. आमचं म्हणणं एकच आहे: आश्वासन आवडलं की नाही हे नंतर ठरवा, आधी ते पुरं करायला सही कोणाची लागते ते पाहा.

गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचे राज्यपाल का?

नाही. शब्द तोच असला तरी काम वेगळं. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात, अमेरिकेतला गव्हर्नर लोक थेट निवडतात आणि राज्याचा कारभार तोच हाकतो. म्हणजे तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. पण इथेही एक मोठा फरक आहे. मुख्यमंत्र्याकडे सभागृहात बहुमत असतंच, नसेल तर त्याला जावं लागतं. गव्हर्नरला मात्र विरोधी पक्षाच्या ताब्यातलं विधिमंडळ घेऊन चार वर्षं काढावी लागू शकतात. यंगकिन यांच्या बऱ्याच आश्वासनांचं जे झालं, त्याचं मूळ इथे आहे.

व्हर्जिनियाचं आणखी एक वैशिष्ट्य: गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा निवडणूक लढवता येत नाही. ही अट असलेलं हे अमेरिकेतलं एकमेव राज्य. त्यामुळे जे करायचं ते चार वर्षांतच.

यंगकिन कोण आणि त्यांना उमेदवारी कशी मिळाली?

कार्लाइल ग्रुप या मोठ्या गुंतवणूक कंपनीत पंचवीस वर्षं काढलेले, तिचे सह-मुख्य कार्यकारी अधिकारी राहिलेले गृहस्थ. आधी कुठलंही निवडून आलेलं पद नाही. ८ मे २०२१ रोजी उमेदवार निवडायला पक्षाने प्राथमिक निवडणुकीऐवजी (सगळ्या मतदारांना खुली असलेली ‘प्रायमरी’) अधिवेशन घेतलं, तेही एका सभागृहात न भरवता राज्यभरातल्या अनेक केंद्रांवर. प्रतिनिधींनी उमेदवारांना पसंतीक्रम दिले, आणि फेऱ्या होत होत शेवटी यंगकिन यांनी पीट स्नायडर यांना मागे टाकलं. पसंतीक्रमाच्या पद्धतीत दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीची मतं लागतात, म्हणून कुणालाच फार न दुखावणारा उमेदवार पुढे येतो. यंगकिन यांच्या पुढच्या सगळ्या प्रचाराचा सूर तोच राहिला. ट्रम्प यांचा पाठिंबा स्वीकारायचा, पण सभेला त्यांना बोलवायचं नाही.

२ नोव्हेंबरला त्यांनी माजी गव्हर्नर टेरी मॅकऑलिफ यांना ५०.५८ विरुद्ध ४८.६४ टक्क्यांनी हरवलं. फरक सुमारे ६४ हजार मतांचा. एका वर्षापूर्वी याच राज्यात बायडन दहा टक्क्यांनी जिंकले होते.

मुख्य आश्वासनं कोणती होती?

‘पहिल्या दिवसाचा आराखडा’ या नावाने त्यांनी ती मांडली. किराण्यावरचा विक्रीकर रद्द. प्रमाणित वजावट, म्हणजे स्टँडर्ड डिडक्शन, दुप्पट. एकट्या करदात्याला ३०० आणि जोडप्याला ६०० डॉलरचा एकरकमी परतावा. पेट्रोलवरची ताजी करवाढ बारा महिने स्थगित. घरपट्टी वाढवायची तर आधी मतदारांची मंजुरी. लष्करी निवृत्तिवेतनाचे पहिले ४० हजार डॉलर करमुक्त. वीस नव्या चार्टर शाळा, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र व्यवस्थापनाने चालणाऱ्या शाळा. वंशभेद कायद्यांत आणि संस्थांतच मुरलेला आहे असं मांडणारी ‘क्रिटिकल रेस थिअरी’ शाळांतून हद्दपार. कैद्यांची मुदतपूर्व सुटका ठरवणारं पॅरोल मंडळ बरखास्त. मतदानाला फोटो असलेलं ओळखपत्र. आणि चार लाख नवे रोजगार.

यातलं ‘पहिल्या दिवशी’ खरंच किती झालं?

१५ जानेवारी २०२२ रोजी शपथविधी झाला आणि त्याच दिवशी त्यांनी अकरा कागदांवर सह्या केल्या: नऊ कार्यकारी आदेश आणि दोन निर्देश. शाळांतले ‘फूट पाडणारे’ विषय काढणं, मास्कची सक्ती उठवणं, पॅरोल मंडळ बदलणं, राज्य कर्मचाऱ्यांची लससक्ती रद्द करणं, नियमांची संख्या २५ टक्क्यांनी घटवणं, हे त्यात होतं. वरच्या यादीशी ताडून पाहा: पैशाचं एकही आश्वासन या अकरा कागदांमधून पुरं झालं नाही, होऊ शकतही नव्हतं. कर बदलायला कायदा लागतो, आणि कायदा करायला शंभर सदस्यांचं हाउस ऑफ डेलिगेट्स व चाळीस सदस्यांची सिनेट दोन्ही लागतात. त्या वेळी हाउसमध्ये रिपब्लिकन ५२-४८ ने पुढे होते, सिनेटमध्ये डेमोक्रॅट २१-१९ ने.

किराण्यावरचा कर गेला का?

अर्धाअधिक गेला. हिशेब असा. २०२२ पर्यंत घरी शिजवायच्या खाद्यपदार्थांवर एकूण २.५ टक्के कर होता: राज्याचा १.५ टक्का आणि स्थानिक संस्थांचा १ टक्का. १ जानेवारी २०२३ पासून राज्याचा भाग रद्द झाला, स्थानिक १ टक्का राहिला. म्हणजे २०० डॉलरच्या किराण्यावर पूर्वी ५ डॉलर लागायचे, आता २. महिन्याला ८०० डॉलरचा किराणा भरणाऱ्या घराचे वर्षाला १४४ डॉलर वाचतात.

पूर्ण कर का गेला नाही? कारण तो एक टक्का काउंट्या (जिल्ह्यांसारखे स्थानिक विभाग) आणि शहरांच्या तिजोरीत जातो. तो काढला तर भरपाई कुठून, याचं दोन्ही सभागृहांना पटेल असं उत्तर मिळालं नाही.

पावती वाचताना घोळ होतो तो इथे: सवलतीचा दर फक्त घरी नेऊन खायच्या जिनसांना आहे. गोठवलेल्या समोशांच्या पाकिटावर १ टक्का, पण त्याच दुकानातल्या काउंटरवरून गरम समोसा घेतलात तर पूर्ण विक्रीकर, जो उत्तर व्हर्जिनियात ६ टक्के आहे. दारूलाही सवलत नाही. आणि ज्या दुकानाची ८० टक्क्यांहून अधिक विक्री स्वतः बनवलेल्या तयार पदार्थांची आहे, त्या दुकानाला हा दर लागूच होत नाही. एकाच बिलावर दोन दर दिसले तर दुकानदाराशी वाद घालण्याआधी कोणती वस्तू गरम होती ते पाहा.

आणखी एक गोष्ट जाहीरनामे वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. राज्याचा १.५ टक्का काढण्याचा प्रस्ताव डिसेंबर २०२१ मध्ये मावळते डेमोक्रॅटिक गव्हर्नर राल्फ नॉर्दम यांनीच आपल्या अंदाजपत्रकात घातला होता. तिजोरीत पैसा होता, निकालाचा कौल दिसत होता. म्हणून ही गोष्ट दोन्ही पक्षांची झाली आणि म्हणूनच ती पार पडली.

प्रमाणित वजावट आणि परतावा यांचं काय?

वजावट एकट्यासाठी ४,५०० डॉलर होती, जोडप्यासाठी ९,०००. दुप्पट म्हणजे ९,००० आणि १८,०००. मिळाली ८,००० आणि १६,०००, तीही २०२२ च्या करवर्षापासून. व्हर्जिनियात १७,००० डॉलरच्या वरच्या करपात्र उत्पन्नाला ५.७५ टक्के दर आहे. त्यामुळे बहुतेक नोकरदार जोडप्यांचे ७,००० च्या ५.७५ टक्के, म्हणजे ४०२.५० डॉलर वाचले. आश्वासन जसंच्या तसं पुरं झालं असतं तर ५१७.५० वाचले असते.

पण एक अडचण अनेकांच्या लक्षातच येत नाही. संघराज्याच्या विवरणपत्रात तुम्ही खर्च तपशीलवार दाखवून वजावट घेतली असेल, तर व्हर्जिनियाच्या विवरणपत्रातही तशीच घ्यावी लागते. गृहकर्जाचं मोठं व्याज भरणाऱ्या अशा घरांना वाढलेल्या प्रमाणित वजावटीचा काही उपयोग झाला नाही. दोन्ही विवरणपत्रं दोन्ही पद्धतींनी एकत्र मांडून बघावीत, एकट्या संघराज्याच्या आकड्यावर निर्णय घेऊ नये.

परतावा ३००/६०० ऐवजी २५०/५०० डॉलर मिळाला. हा आकडाही नॉर्दम यांच्या अंदाजपत्रकातला. अटी दोन: २०२१ सालचा कर देय असायला हवा आणि विवरणपत्र १ नोव्हेंबर २०२२ पर्यंत भरलेलं हवं. देय कर १८० डॉलर असेल तर परतावा १८०, शून्य असेल तर शून्य. ‘आम्हाला का नाही मिळाला’ असं विचारणाऱ्यांपैकी पुष्कळांचं उत्तर या वाक्यात आहे. कमी पगारावर काम करणाऱ्या ज्या कुटुंबांचा देय कर शून्यावर येतो, त्यांना हा परतावा मिळाला नाही, आणि खरी गरज त्यांनाच होती हे म्हणायला हवं.

पेट्रोलचा कर?

स्थगिती मिळाली नाही. राज्याचा पेट्रोलकर जुलै २०२१ मध्ये गॅलनला २१.२ वरून २६.२ सेंट झाला होता. प्रचारातलं वचन ती ५ सेंटची वाढ थांबवण्याचं होतं. १५ गॅलनच्या टाकीमागे ७५ सेंट. २०२२ च्या वसंतात भाव भडकले तेव्हा यंगकिन यांनी सगळाच कर तीन महिने माफ करण्याचा प्रस्ताव आणला. सिनेटमधल्या डेमोक्रॅटांनी तो अडवला. त्यांचा आक्षेप असा की हा पैसा रस्त्यांच्या निधीचा आहे, आणि कर पंपावर नव्हे, घाऊक पातळीवर वसूल होतो. तेव्हा सूट ग्राहकापर्यंत पोचेलच याची खात्री नाही.

विधिमंडळ अडवतं तेव्हा गव्हर्नरच्या हातात काय उरतं?

वाटतं त्याहून बरंच. आलेल्या विधेयकावर तो सही करू शकतो, नकाराधिकार वापरू शकतो किंवा दुरुस्त्या सुचवून परत पाठवू शकतो. नकाराधिकार मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात. सुचवलेल्या दुरुस्त्या मात्र साध्या बहुमताने मान्य होतात. अंदाजपत्रकातली एखादी बाब एकटी वगळण्याचाही अधिकार त्याला आहे. अधिवेशन संपल्यावर सहाव्या बुधवारी सदस्य पुन्हा जमतात ते याच कामासाठी.

वेळापत्रक मात्र नव्या गव्हर्नरच्या विरोधात असतं. दोन वर्षांचं अंदाजपत्रक मावळता गव्हर्नर डिसेंबरात मांडून जातो. नवा माणूस जानेवारीच्या मध्यात येतो तेव्हा साठ दिवसांचं अधिवेशन सुरू झालेलं असतं. त्याला दुसऱ्याने घातलेल्या चुलीवर आपला स्वयंपाक करावा लागतो. २०२२ मध्ये तर अंदाजपत्रक वेळेत मंजूर झालंच नाही. यंगकिन यांची त्यावर सही झाली २१ जूनला.

शाळा आणि पालकांचे हक्क हा मुद्दा इतका का पेटला?

महामारीत उत्तर व्हर्जिनियातल्या शाळा फार काळ बंद राहिल्या आणि पालक वैतागलेले होते. २८ सप्टेंबर २०२१ च्या वादसभेत मॅकऑलिफ म्हणून गेले की शाळांनी काय शिकवावं हे पालकांनी सांगू नये, असं त्यांना वाटतं. यंगकिन यांच्या प्रचाराने ते वाक्य उरलेला सगळा काळ जाहिरातींत वाजवलं.

आता खरं-खोटं. ‘क्रिटिकल रेस थिअरी’ हा विधी महाविद्यालयांतून आलेला अभ्यासविषय राज्याच्या शालेय अभ्यासक्रमात नेमलेला नव्हता. यंगकिन यांचे समर्थक म्हणत की नाव नसलं तरी शिक्षकांच्या प्रशिक्षणात आणि शिक्षण खात्याच्या साहित्यात त्या विचारांचा वापर होतो. पहिल्या आदेशाने खात्याकडचं असं काही साहित्य मागे घेतलं गेलं. पण बंदी कायद्यात आणण्याची विधेयकं सिनेटमध्ये पडली.

मास्कच्या बाबतीत उलट घडलं, आणि ते पाहण्यासारखं आहे. आदेश निघताच फेअरफॅक्स, आर्लिंग्टन, अलेक्झांड्रिया यांच्यासह सात स्कूल बोर्डं (स्थानिक शाळांचा कारभार पाहणारी मंडळं) न्यायालयात गेली. ४ फेब्रुवारी २०२२ ला आर्लिंग्टनच्या न्यायाधीशांनी आदेशाला त्या सातही ठिकाणी तात्पुरती स्थगिती दिली. आदेश लटकला. पण चॅप पीटरसन यांच्यासारख्या काही डेमोक्रॅटिक सिनेटरांनी साथ दिल्यामुळे सिनेट विधेयक ७३९ मंजूर झालं. मास्क घालायचा की नाही हे पालक ठरवतील, असा कायदा झाला. एरवी व्हर्जिनियात नवे कायदे १ जुलैला लागू होतात. गव्हर्नरने तातडीचं कलम दुरुस्ती म्हणून जोडल्यामुळे हा लगेच लागू झाला, शाळांना अंमलासाठी १ मार्चपर्यंत मुदत होती. नुसत्या आदेशापेक्षा कायद्याची पकड किती घट्ट असते ते चार आठवड्यांत दिसलं.

थॉमस जेफरसन हायस्कूलची प्रवेशपरीक्षा परत का आली नाही?

भारतीय घरांतून हा प्रश्न हमखास येतो. फेअरफॅक्सच्या या नामांकित विज्ञान शाळेची प्रवेशपरीक्षा २०२० च्या अखेरीस बंद झाली. त्याऐवजी प्रत्येक माध्यमिक शाळेतल्या वरच्या दीड टक्के मुलांना जागा राखण्याची पद्धत आली. यंगकिन गुणवत्तेवर भर देण्याचं बोलत होते, गणिताचे पुढचे वर्ग पातळ करण्याच्या चर्चेलाही त्यांचा विरोध होता. पण या शाळेचे प्रवेशनियम फेअरफॅक्स काउंटीचं स्कूल बोर्ड ठरवतं, गव्हर्नर नाही. पालकांच्या गटाने संघराज्याच्या न्यायालयात दावा लावला. फेब्रुवारी २०२२ मध्ये जिल्हा न्यायालयात ते जिंकले, मे २०२३ मध्ये अपील न्यायालयात हरले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. हा विषय मनापासून महत्त्वाचा वाटत असेल तर स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मत द्या. ती वगळून फक्त गव्हर्नरला मत देणारे पालक चुकीचं दार ठोठावत होते.

वीस चार्टर शाळा?

नाही. राज्यघटनेच्या आठव्या अनुच्छेदानुसार शाळांची देखरेख स्थानिक स्कूल बोर्डाकडे आहे, म्हणून चार्टर शाळेलाही त्याच बोर्डाची मंजुरी लागते, आणि आपल्याच मुलांचा निधी दुसरीकडे जाऊ द्यायला बोर्डं राजी नसतात. यंगकिन यांनी मग विद्यापीठांशी जोडलेल्या ‘लॅब स्कूल’चा मार्ग धरला आणि १० कोटी डॉलरची तरतूद मिळवली.

घरपट्टीला मतदारांची मंजुरी आणि गाडीवरचा कर?

घरपट्टीच्या दराआधी सार्वमत घेण्याचा कायदा झाला नाही. काउंट्यांचा मुख्य आधारच घरपट्टी आहे.

गाडीवरचा कर वरच्या यादीत नव्हता, पण त्याची गोष्ट जुनी आणि बोलकी आहे. १९९७ मध्ये जिम गिलमोर हे रिपब्लिकन उमेदवार ‘गाडीचा कर रद्द’ या एकाच घोषणेवर गव्हर्नर झाले. कायदाही झाला: गाडीच्या किमतीतल्या पहिल्या २० हजार डॉलरवरचा कर टप्प्याटप्प्याने राज्याने भरायचा. खर्च अंदाजापलीकडे गेला, सूट ७० टक्क्यांवर गोठली, आणि २००४ मध्ये राज्याने आपला वाटा वर्षाला ९५ कोटी डॉलरवर कायमचा बांधून टाकला. रक्कम ठरलेली, गाड्या आणि त्यांच्या किमती वाढत्या, त्यामुळे प्रत्येकाच्या बिलावरची सवलतीची टक्केवारी घसरत राहते. लाउडनमध्ये किंवा फेअरफॅक्समध्ये नवे आलेले लोक हे बिल पाहून चक्रावतात, त्यामागे हा इतिहास आहे.

पॅरोल मंडळ आणि मतदार ओळखपत्र?

मंडळाचे पाचही सदस्य पहिल्या दिवशी काढले. पण नव्या नेमणुकांना विधिमंडळाची संमती लागते, आणि सिनेटने पाचपैकी चार नावं नाकारली. मुळात १ जानेवारी १९९५ पासूनच्या गुन्ह्यांसाठी व्हर्जिनियात पॅरोल नाहीच. जॉर्ज ॲलन या रिपब्लिकन गव्हर्नरांच्या काळात ते रद्द झालं, त्यामुळे मंडळापुढे मुख्यतः जुनी प्रकरणं आणि वृद्ध कैदी येतात. फोटो ओळखपत्राची सक्ती २०२० मध्ये उठली होती, ती परत आणता आली नाही.

गर्भपाताबद्दल भूमिका काय होती?

बलात्कार, कुटुंबातलं लैंगिक शोषण आणि आईच्या जिवाला धोका हे अपवाद ठेवून विरोध. सहा आठवड्यांनंतर गर्भपात बंद करणाऱ्या टेक्सासच्या कायद्यावर आपण सही केली नसती असं ते म्हणत आणि साधारण वीस आठवड्यांच्या मर्यादेकडे झुकत. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क देणारा जुना ‘रो’ निकाल रद्द केल्यावर त्यांनी पंधरा आठवड्यांचा प्रस्ताव ठेवला. २०२३ च्या विधिमंडळ निवडणुकीत त्यांनी तो उघडपणे लोकांपुढे नेला. डेमोक्रॅटांनी सिनेट राखली, हाउसही जिंकलं, आणि कायदा आहे तसाच राहिला.

विजेच्या बिलातलं कार्बन शुल्क?

पूर्वेकडच्या राज्यांच्या कार्बन-लिलाव योजनेतून (वीजकेंद्रांना कार्बन सोडण्याचे परवाने लिलावात घ्यावे लागतात) बाहेर पडण्याचं त्यांनी निवडून आल्यावर डिसेंबर २०२१ मध्ये जाहीर केलं. डोमिनियन या वीजकंपनीच्या सामान्य ग्राहकाला त्यापोटी महिन्याला सुमारे २.३९ डॉलर पडत. लिलावातून आलेला पैसा पूरसंरक्षण आणि गरीब घरांच्या वीजबचतीसाठी जाई. राज्याच्या हवा प्रदूषण नियंत्रण मंडळाने जून २०२३ मध्ये ४-३ मतांनी होकार दिला आणि वर्षाअखेर राज्य बाहेर पडलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्लॉइड काउंटीच्या न्यायालयाने हे बेकायदा ठरवलं: विधिमंडळाने कायद्याने जे घडवलं ते मंडळाच्या ठरावाने मोडता येत नाही.

आम्ही एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर आहोत. मत नाही, मग याच्याशी आमचा काय संबंध?

मत फक्त नागरिकांना, हे खरं. पण किराण्याचा दर, वजावट, परतावा, शाळेचे नियम नागरिकत्व विचारत नाहीत. २०२२ चा परतावा व्हिसावरच्या करदात्यांनाही मिळाला, अटी त्याच. शिवाय स्कूल बोर्डाच्या आणि काउंटीच्या सभांत बोलायला नाव नोंदवावं लागतं, मतदार असावं लागत नाही.

एखाद्या आश्वासनाचं विधेयक झालं का, ते आपलं आपण कसं शोधायचं?

विधिमंडळाच्या ‘लेजिस्लेटिव्ह इन्फर्मेशन सिस्टिम’ या संकेतस्थळावर आधी अधिवेशनाचं वर्ष निवडा, मग विषय किंवा विधेयक क्रमांक टाका. हाउसचं विधेयक ‘एचबी’ने सुरू होतं, सिनेटचं ‘एसबी’ने. पानावर घडामोडींचा तारीखवार इतिहास असतो, त्याची शेवटची ओळ आधी वाचा.

तिथे एक शब्दप्रयोग भल्याभल्यांना फसवतो. ‘पास्ड बाय इंडेफिनिटली’ असं दिसलं की विधेयक पास झालं असं वाटतं. अर्थ नेमका उलटा आहे: समितीने ते बेमुदत बाजूला सारलं, म्हणजे मेलं. ‘लेफ्ट इन कमिटी’ म्हणजे समितीने हातच लावला नाही, तेही मेलं. ‘कंटिन्यूड’ म्हणजे पुढच्या अधिवेशनावर ढकललं. कायदा झाला असेल तर ओळीत ‘चॅप्टर’ आणि त्यापुढे क्रमांक दिसतो. पुष्कळ विधेयकं छोट्याशा उपसमितीच्या बैठकीतच संपतात, म्हणून मतांची नोंद उघडून कोणी काय मत दिलं ते पाहा. तिथे तुमच्याच मतदारसंघाच्या सदस्याचं नाव सापडलं, तर पत्र त्यालाच लिहा.